निर्गुडी समजून

पुण्याहून सकाळच्या एस.टी.नं रत्नागिरीला निघालो. एरवी या वाटेला लागलो की मी आदल्या दिवसापासून माशांची नावं घोळवत असतो. या खेपेला भूक मेली होती. ऑफिसातला माझा जुना सोबती सुधाकर निवृत्त होऊन भाट्याला राहतो. त्याचा मुलगा निखिल बोटीवर (व्यापारी जहाजावर) इंजिनीअर म्हणून जाणार होता. त्यांच्या भावकीतला पहिलाच. मुंबईतल्या वैद्यकीय तपासणीत त्याच्या लघवीत गांजा सापडला आणि कंपनीनं त्याला घरी पाठवलं. तो गांजा मी दिला होता. तेच सुधाकरला सांगायला मी चाललो होतो.

घडलं ते असं. मध्यंतरी आम्ही काही निवृत्त मंडळी सहलीला बँकॉकला गेलो होतो. तिथे मिठाईच्या दुकानासारखं झगझगीत एक दुकान दिसलं. आत जेलीच्या हिरव्या गोळ्यांचे डबे होते. डब्यावर सगळी थाई अक्षरं आणि पाच बोटांसारखं एक पान. गुडघ्यांना आयुष्यभर निर्गुडीचा शेक घेतलेल्या माझ्यासारख्याला ते दुसरं कशाचं वाटणार? दुकानातल्या मुलीनं स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला, मग तळव्यावर गाल टेकून झोपेची खूण केली. मी खूश. सुधाकरच्या बायकोला, शोभावहिनींना सांधेदुखी आहे, म्हणून एक डबा घेतला. विमानतळावर कुणी हटकलं नाही. मी स्वतः तो भाट्याला पोचता केला आणि वर निर्गुडीचे गुणही सांगून आलो.

आंबा घाट उतरून साखरप्याला गाडी पंक्चर झाली. टपरीवर चहा घेताना शेजारी दापोलीकडचे एक नर्सरीवाले बसले होते. पायाशी कलमांची टोपली. मी मुद्दामच गांजाचा विषय काढला.

“उत्तराखंडात म्हणे लागवडीला परवाने देतात,” ते म्हणाले. “आपल्याकडं एक रोप सापडला तरी आत. पेपरात परदेशातला वाचून आमच्याकडं पण लोक विचारतात, आता सुटला ना? मी हात जोडतो.”

“आणि तिकडून कुणी नकळत आणलं तर?”

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. “नकळत ते कोर्टात सांगायचा. तोवर आतच.”

चहा तसाच ठेवून मी उठलो. मला तुरुंगाचीही भीती वाटत होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

हातखंब्यापुढे कातळ (जांभ्या दगडाची उघडी पठारं) सुरू झाला. आभाळात मळभ होतं. माघातलं मळभ आंब्याला वाईट; बागांमधला मोहोर काळा पडत चालला होता. भाट्याच्या पुलावरून रिक्षा जाताना खाडी राखेसारखी दिसत होती.

सुधाकर दारातच होता. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली निखिलचा पांढऱ्या गणवेशातला फोटो असायचा. आता तिथे नुसता खिळा होता.

“अरे, मी जन्मात कधी सुपारी खाल्ली नाय,” तो म्हणाला. “आणि ह्याच्या पोटात गांजा. विचारला तर म्हणतो, मित्रांसोबत घेतला.” मुलाचं नाव त्यानं दोन दिवसांत एकदाही घेतलं नाही.

मित्रांसोबत? निखिलनं तर तपासणीनंतर मला फोनवर विचारलं होतं, “काका, तो डबा कुठला?” मी तोंड उघडणार तोच निखिल आतून आला. “चला काका, समुद्रावर जाऊन येऊ.”

सुरूच्या बनात शिरेपर्यंत तो माझ्यापुढे चालला. मग म्हणाला, “बाबांना सांगू नका.”

“अरे, तू का बोल लावून घेतोस? मी कंपनीत येतो, सगळं लिहून देतो.”

“मी विचारलाय. कसा गेला ते कंपनीवाले बघत नायत. गेला ना पोटात, मग झाला.” मग तो म्हणाला, “माझी पाठ धरली होती. आईनं रोज एक गोळी दिली, स्वतःच्या हातानं. तिला कळला तर ती जगायची नाय काका. बाबा रागावलेत, ते आज ना उद्या बोलतील.”

मी हो म्हटलं. म्हणताना छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते उतरलं याची मला इतकी लाज वाटली की परतताना मी त्याच्या दोन पावलं मागे राहिलो.

जेवायला वहिनींनी कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा केला होता. मुलाला वाढताना त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या, पण भात मात्र दोनदा वाढत होत्या. सुधाकर पाठ फिरवून जेवला. मला माहीत होतं, ते एक वाक्य त्या ताटांच्या मध्ये ठेवलं असतं तर बाप मुलाकडे वळला असता आणि आई तिथेच कोसळली असती. मी पिठी वाखाणली.

दुसऱ्या दिवशी निघताना वहिनी फाटकापर्यंत आल्या. “भावजी, एक सांगू? ह्या घरात आता कोणाला झोप नाय. त्या निर्गुडीच्या गोळ्यांनी मना काय गाढ झोप लागायची! परत कोण तिकडं जाणारा असला तर आणवा हो. ह्याला पण परत देईन म्हणते, पोरगा रात्र रात्र जागा असतो.”

बँकॉकची ती दुकानं आता तशी राहिलेली नाहीत, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तिथेही काही देत नाहीत, असं मी वाचलं होतं.

“तिकडचा कायदा बदलला, वहिनी,” मी म्हणालो. “आता मिळत नाहीत.”

“असा होय,” त्या म्हणाल्या. “चांगल्या वस्तू बंदच करतात.”

परतीच्या गाडीत घाट चढेपर्यंत मी हिशेब लावत होतो, कुणाला सांगितलं असतं तर कोण वाचलं असतं. काही जमलं नाही. दोन दिवसांत त्या घरात मी एकच खरं वाक्य बोललो होतो, आणि तेही स्वतःला वाचवायला.