आमच्या शेतांचा पासवर्ड

मंडळी, आज दुपारी माझ्या लॅपटॉपची हार्ड डिस्क उडाली. आईने गायलेली लग्नाची गाणी तिच्यातच होती. आई आता नाही.

तरी मी घाबरले नाही, कारण बॅकअप होता. मी एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरते. ते फाइल्सना आधी कुलूप लावतं, मग क्लाउडवर पाठवतं. पासवर्ड विसरलात तर कुणीच उघडून देऊ शकत नाही, बनवणारेसुद्धा नाहीत.

आणि मी विसरलेले! पासवर्ड म्हणजे बाळकुममधल्या आमच्या जुन्या शेतांची नावं, घरापासून खाडीपर्यंत ओळीने. त्यातलं मधलं एक आठवेचना.

पप्पांना विचारलं. ते म्हणाले, "असं नाय आठवत गं. थांब, चालत जातो." आणि खुर्चीतच डोळे मिटले.

ते खरंच चालत होते. पाय हळूच हलत होते. "इथं चिखल हाय, बांधावरून ये." मीही मागोमाग निघाले. त्या शेतांवर उभे राहिलेले खिडकीबाहेरचे टॉवर विरघळले, ओल्या भाताचा वास आला. मग पप्पांनी ते नाव घेतलं, कुणाला हाक मारावी तसं.

कुलूप उघडलं. एकेक फाइल फोनवर उतरत गेली आणि घरात आई गायला लागली. पप्पा डोळे मिटूनच ऐकत राहिले.

कुणालाही न सुचणारा पासवर्ड ठेवलाय म्हणून मी खुश असायचे. पण त्या बांधांवरून चाललेलं आमच्या घरात आता एकच माणूस उरलंय.

पासवर्ड बदलतेय. ती नावं उद्यापासून पोरांना शिकवणार आहे.