माझ्यामागे फिरणारा झाडू

सोमवारपर्यंत मला उत्तर द्यायचं होतं. गुरुवारी दुपारी गोंदियातल्या राइस मिलच्या काट्यावर माझी गाडी वजनाला उभी होती, तेव्हा आमचा गाडीमालक सेठ खिडकीशी आला आणि म्हणाला, "नई गाड़ी आ रही है. विशाखापट्टणम की लाइन. चलाओगे? सोमवार तक बता देना." एरवी मी कुणाला बोलू देत नाही, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत माझं उत्तर तयार असतं. त्या दिवशी मी नुसती मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे सेठला कळलं नसेल. मलाही कळलं नव्हतं.

ट्रक चालवणारी माणसं दोन प्रकारची, लाइनवाले आणि लोकलवाले. लाइनवाला घरून निघाला की आठ-दहा दिवसांनी उगवतो. तो केबिनमध्ये झोपतो, ढाब्यावर आंघोळ करतो आणि चार राज्यांतल्या चहाला नावं ठेवतो. लोकलवाला सकाळी डबा घेऊन निघतो, खरेदी केंद्रावरचं धान मिलला नेतो, मिलमधला तांदूळ गोदामाला टाकतो आणि दिवेलागणीला घरी येतो. मी चौदा वर्षं लाइनवर होतो. दिवाळीनंतर सेठने माझी जुनी गाडी, हिला आता घाट झेपत नाहीत म्हणून, लाइनवरून काढून लोकलला लावली आणि गाडीबरोबर मीही उतरलो. दुसऱ्या कुणाच्या हातात तिला देववत नव्हतं. तिचा तिसरा गेअर कसा समजूत घालून टाकावा लागतो, हे मला एकट्यालाच माहीत आहे.

म्हणजे मी घरी आलो तो काही घराच्या ओढीने नव्हे, हे आधीच कबूल करून टाकतो.

आमचं गाव गोरेगावपासून सात-आठ किलोमीटरवर. घरात बायको आणि नववीतली मुलगी. चौदा वर्षांत त्या दोघींनी ते घर दोघींच्या मापाने बसवून घेतलं होतं. माझ्या खाटेच्या जागी मुलीचं अभ्यासाचं टेबल होतं. माझ्या शर्टाच्या खुंटीवर छत्री होती. पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी भात कमी पडायचा, कारण बायकोच्या हाताला दोघींचं माप बसलेलं. मी ताट पुढे करून बसायचो आणि ती पुन्हा चूल पेटवायला उठायची. मी म्हणायचो, "राहू दे, मले सवय आहे." ते मी ज्या सुरात म्हणायचो तो सूर काही चांगला नव्हता.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. ते झाडूचं होतं.

माणूस गावाला निघाला की त्याच्या मागे लगेच घर झाडत नाहीत, अशुभ मानतात. माझी आईही झाडत नसे. आमच्या घरी तर त्याचा पक्का शिरस्ता पडला होता. मी देवरीच्या पुढे हायवेला लागलो की ढाब्यावर गाडी थांबवून फोन करायचो, "पोचलो." तो फोन आला की मगच बायको झाडू हातात घ्यायची. मला त्याचा केवढा अभिमान होता. ढाब्यावर चहा फुंकत बसलो की वाटायचं, माझ्या एका फोनसाठी तिकडे घर थांबून आहे. आपल्या माणसाला एवढा मान कोण देतं? दुसऱ्या ड्रायव्हरांनाही मी हे सांगायचो, नको तितक्या वेळा.

आणि लोकलच्या पहिल्याच सकाळी मी डबा घेतला, उंबऱ्याबाहेर पाय टाकला, मोटरसायकलला किक मारणार तोच आतून झाडूचा आवाज. वळून पाहिलं तर बायको माझ्या पावलांवरूनच झाडत बाहेर येत होती. गोरेगावच्या खरेदी केंद्रावर पोचलो, रात्री ट्रक तिथेच उभा असतो, आणि सवयीने फोन केला.

"पोचलो."

"कुठं?"

"गोरेगावले."

ती हसली. "मंग मी काय करू? झाडझूड कवाचीच झाली."

मी फोन खिशात टाकला आणि काही कारण नसताना हमालांवर ओरडलो. त्यानंतर रोज तेच. मी निघालो की झाडू. तीन-साडेतीन महिने मी हे कान पाडून ऐकलं आणि एका शब्दाने बोललो नाही. मला वाईट वाटत होतं. घरातला केर आणि मी एकदमच बाहेर निघतो असं वाटायचं. म्हणूनच सेठने लाइनची गाडी देऊ केली तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती पगार नव्हे, रस्ता नव्हे. पुन्हा घर माझ्यासाठी थांबेल, हे मनात आलं.

शुक्रवारी मी खरेदी केंद्रावर रांगेत होतो. माझ्यापुढे एक जुना लोकलवाला होता, पंचावन्नच्या पुढचा. तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत तो माझ्या खिडकीखाली येऊन उभा राहिला.

"का गा, तोंड काऊन पाडून बसला?"

"सेठ लाइनची गाडी देऊन राहिला."

"मंग जा ना."

"जाऊ का नको, तेच समजून नाई राहिलं."

त्याने खर्रा तोंडात टाकला आणि विचार करत दोन्ही बाजू मांडल्या. "लाइनवर रस्ता सिधा. टॉप गेअर टाकला का गाडी आपली चालते. इथं दहा पावलाले गतिरोधक, मधात म्हशी, फटफटीवर पोते घेऊन फिरनारे. क्लच दाबू दाबू माजा डावा गुडघा गेला." मग जरा थांबून म्हणाला, "पन मी लाइनवर होतो तवा पोरीच्या लग्नात पाहुन्यासारखा गेल्तो. कोनती वस्तू कुठं ठेवली तेही मले मालूम नाई. आता नातू माज्याशिवाय झोपत नाई."

"मंग लोकलच बरी म्हन ना."

"बरी कुठं म्हनलो? गुडघा दुखून राहिला म्हनलो." तो हसला. "घरची काय म्हनते?"

"तिले सांगतलोच नाई."

"काऊन?"

तेवढ्यात त्याचा नंबर लागला आणि माझी सुटका झाली. काऊन, हे मला चांगलं माहीत होतं. मी सांगितलं आणि ती सहज "जा" म्हणाली तर? तिच्या तोंडचा तो एक शब्द ऐकायची माझी हिंमत नव्हती. घाटात ब्रेक गेलेली गाडी मी सांभाळली आहे, पण हे जमत नव्हतं.

मध्ये गोरेगावचा आठवडी बाजार आला. लोकलला आल्यापासून बाजाराला बायकोला मीच मोटरसायकलवर नेतो. हा भाग मला आवडू लागला होता, हेही सांगायला हवं. ती पुढे, मी पिशवी घेऊन मागे. ती पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा निवडते, वांगं दाबून बघते, भावावरून अशी भांडते की मी दोन पावलं मागे सरकून दुसरीकडे बघतो. दर बाजाराला मला मागे उभा पाहणाऱ्या तिच्या नेहमीच्या भाजीवालीने त्या दिवशी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि शेवटी विचारलं, "हे भाऊ कोन?"

"घरचेच होत," बायको म्हणाली. "लाइनवर राहत होते. आता घरीच राह्यतात."

भाजीवालीने मूठभर शेंगा वर टाकल्या. मी मात्र घरी येईपर्यंत धुमसत होतो. दहा वर्षं जिच्याकडून माझ्या घरची भाजी येते, तिला मी कोण हे सांगावं लागतं. रात्री त्याच शेंगांची भाजी, लाखोरीची डाळ आणि गरम भात पोटभर जेवलो. भात पुरला, उरलाही. तो आता रोजच पुरत होता. कधीपासून, हे मात्र मी पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी ठरवलं. फळीवरची लाइनची पिशवी खाली काढली. तिच्यातलं ब्लँकेट अंगणातल्या दोरीवर उन्हात टाकलं. मुलीने विचारलं तर म्हणालो, "वास मारून राहिलं होतं." बायको दारात तांदूळ पाखडत बसली होती. तिने ब्लँकेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुपाकडे बघू लागली. दुपारी मी खाटेवर पडल्या पडल्या पाहिलं, तर ती उठून दोरीपाशी गेली आणि ब्लँकेट उलटं करून दुसरी बाजू उन्हाला दिली. कोपरे ओढून नीट सरळही केले. मला वाटलं, झालं. ही आपल्याला पाठवायला तयारच आहे. माझा जीव एवढासा झाला. पण तोंडाने मी चहा मागितला.

संध्याकाळी मुलीचं गणित घेऊन बसलो. गणित मला फार येत नाही, पण वेग, अंतर आणि वेळ यांत मला कुणी हरवू शकत नाही. तिच्या पुस्तकातला ट्रक ताशी ऐंशीने निघून वाटेत कुठेही न थांबता पोचत होता. मी म्हणालो, हे उदाहरणच चुकीचं आहे, टायर पाहायला तरी थांबेलच ना तो. ती खूप हसली. आतून बायकोही हसल्याचा आवाज आला. मी बरा होतो त्या संध्याकाळी. आणि दुसऱ्या दिवशी सेठला हो म्हणायचं, हेही पक्कं होतं.

सोमवारी नेहमीसारखा निघालो. डबा घेतला, चपला घातल्या, उंबरा ओलांडला. मुलगी शाळेसाठी सायकल काढत होती. मी मोटरसायकलपाशी गेलो आणि किकवर पाय ठेवून थांबलो.

आवाजच नाही.

मी वळून पाहिलं. बायको दारात उभी होती. झाडू हातात होता, पण तो खाली टेकलेला नव्हता. तिने तो पोटाशी धरला होता.

"काऊन नाई झाडत?" मी विचारलं.

"तुमी दूर जाऊन राहिले ना."

"कोन म्हनलं?"

"फळीवरचं ब्लँकेट आपल्याच पायानं खाली आलं का मंग?"

मुलगी सायकल धरून तिथेच थांबली. पकडलो गेलो की मी चिडतो. साडेतीन महिन्यांचं सगळं एकदम बाहेर आलं.

"मले वाटे, मी गेलो का तुले बरंच वाटते. लाइनवर होतो तं फोन येईपर्यंत झाडत नव्हती. तेवढा तरी मान होता. आता मी निंगालो नाई का मागं झाडू घेऊनच उभी राह्यते."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच किकवरचा पाय खाली घेतला.

"अजी, तो काय मान होता का?" ती म्हणाली. "भेव लागे मले. चौदा वर्षं, तुमी निंगाले त्या दिवशी मी घर दुपारी झाडलं. एकदा तुमची गाडी भराची राहिली न फोन आला नाई, तं दोन दिवस घर तसंच पडलं होतं. हे पोरगी पाय झटकून अभ्यासाले बसे. शेजारची विचारे, बाई, बरं नाई का तुले? आता तुमी गोरेगावले जाता, न सांजच्याले येता. त्याच्यात भेवाचं काय आहे? म्हनून सकारी सकारी घर झाडाले भेटते मले."

मुलगी सायकलच्या घंटीशी उगाच चाळा करत होती.

"न जायाचंच असंन तं जा," ती पुढे म्हणाली. "ब्लँकेट मी वाळवून ठेवलं. पन मंग आज मी झाडत नाई."

किती वर्षं मी देवरीच्या ढाब्यावर चहा फुंकत, छाती फुगवून तो फोन केला होता, ते मला आठवलं. मी बिस्किटाचा पुडा फोडून, पाय ताणून, आरामात फोन लावायचो. आणि इकडे ही सकाळपासून केरात बसलेली. मला माझी लाज वाटली, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की ते लपवायला मी मोटरसायकलचा आरसा पुसायला लागलो.

"झाड," मी म्हणालो.

"आधी सेठले सांगा."

"गोंदियाले जाऊनच राहिलो ना. तिथं सांगतो."

"आता सांगा. इथं."

मी अंगणातच उभा राहून फोन लावला. सेठने उचलला. मागे मिलची घरघर चालू होती. मी म्हणालो, "सेठजी, नई गाड़ी किसी और को दे दो. मैं लोकल ही चलाऊँगा."

सेठ पलीकडून काहीतरी विचारत होता. पण तोवर बायको झाडत झाडत उंबऱ्याबाहेर आली होती, धूळ माझ्या पायांवर येत होती, आणि झाडूच्या आवाजात मला त्याचं काही ऐकू आलं नाही.