बुधवारचा उपास

मागच्या आठवड्यात बुधवारी नातवानं मला त्याची नवी केबिन दाखवायला चाकूरहून लातूरला नेलं. (बोलतेय मी, टाईप करतेय धाकटी नात. चुका तिच्या, टोमणे माझे.)

नातू म्हणजे सागर. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांच्या एका कोचिंग क्लासमध्ये तो आता डायरेक्टर झालाय. पगार दुप्पट, वर क्लासनं गाडी दिली... ती इतकी गार, की जूनच्या उन्हात मी कानाला पदर गुंडाळून बसले.

केबिनमध्ये काचेचं टेबल आणि फिरती खुर्ची. मला बसवून त्यानं एक गिरकीसुद्धा दिली. मग त्याला मीटिंगला बोलावलं, आणि मी आपली उठून मेसच्या स्वयंपाकघरात गेले. जिथं जन्म गेला तिथंच जीव रमतो...

आठ बाया शेकडो पोरांच्या पोळ्या लाटत होत्या. जेवायच्या वेळेला त्यांनी घरून आणलेल्या भाकरीची फडकी सोडली. मेसचं जेवण बायांनी खायचं नाही, असा तिथला नियम आहे म्हणे. मलाही एकीनं चतकोर दिली. सुनंदा नावाची एक बाई तेवढी भिंतीला टेकून पाणी पीत होती. जेव की गं, म्हटलं, तर हसून म्हणाली, "आज उपास हाय, आजी."

माझा घास हातातच राहिला... कारण हे वाक्य माझं होतं.

भूकंप झाला त्या वर्षी आम्ही लातूरलाच राहायचो, मार्केट यार्डाच्या मागं. मी दाळमिलमध्ये दाळ निवडायला जायची. मालक बशीरसेठ. त्याची एक रीत होती, आम्ही तिला बारी म्हणायचो. रोज दुपारी तो आम्हा बायांत येऊन बसायचा, एकीची भाकरी स्वतः खायचा आणि आपला डबा तिला द्यायचा. आज एकीची बारी, उद्या दुसरीची.

आधी आम्ही नाकं मुरडली, खोटं कशाला बोलू. पण माळकरी सरूबाईची बारी असली की सेठच्या डब्यात साधं वरण-भात यायचं, लसणाची पाकळीसुद्धा नसायची. माझ्या बारीला म्हणायचा, नवऱ्यावरच्या रागात थापली का गं भाकरी, लई जाड हाय. तो तर पुरा वस्ताद होता...

बारीमुळं त्याला न सांगता सगळं कळायचं. कुणाच्या घरची ज्वारी संपली, कुणाचा नवरा घरी बसलाय, कुणी सणाला माहेरी गेली नाही. भाकरी काही लपवत नाही.

भूकंपात आमची भिंत पडली, आम्ही पत्र्याखाली राहायला लागलो. मिल काही दिवसांनी सुरू झाली, पण माल निम्माच. मुनीम सेठच्या मागं लागला, बायांचा रोज कमी करा, नाहीतर निम्म्या बाया काढा. आणि नेमकी त्यातच माझी बारी आली. घरात होतं ते पोरांना घालून मी रिकामीच आले होते. सेठ समोर बसला तसं म्हटलं, आज माझा उपास हाय.

डब्याचं झाकण काढता काढता त्यानं विचारलं, "बुधवारचा उपास कुठला देव सांगतो, बाई?"

ना एकादशी, ना चतुर्थी. सगळ्या हसल्या, मीही हसले... आणि हसता हसताच डोळ्यांना पदर लावला. बारी म्हणजे बारी, म्हणत त्यानं डबा माझ्यापुढं सरकवला, आणि स्वतः नुसतं पाणी पिऊन उठला. जाता जाता मुनीमाला म्हणाला, "आधी माझ्या घरचा खर्च कापा. बायांचा रोज हाय तसा राहू द्या."

त्या हिवाळ्यात सेठची फटफटी विकली गेली. तो सायकलवर यायचा, पायजमा साखळीत अडकायचा, आणि आम्ही निर्लज्जासारख्या खिदळायचो. पण एकही बाई कमी झाली नाही. त्याच रोजावर माझी पोरं शिकली, आणि पोराचा पोर डायरेक्टर झाला...

म्हणून सुनंदालाही मी तेच विचारलं. बुधवारचा उपास कुठल्या देवाचा? शेजारच्या शकुंतलाबाईनं सांगितलं, उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगारच कापला बायांचा. मेस बंद, तर पगार बंद. तसा कागदच लागला होता.

तेवढ्यात सागर हॉटेलचं पार्सल घेऊन मला शोधत आला. मी त्याला सगळं सांगितलं. मला तर माहीतच नाही, म्हणाला. सुनंदा खाली बघतच बोलली, "सही तुमचीच हाय, सर."

त्याचं तोंड एवढंसं झालं. लई कागद येतात गं आजी, म्हणाला. मी म्हटलं, "मी अंगठेबहाद्दर. पण कशावर टेकवायचा, ते दोनदा विचारल्याबिगर अंगठा न्हाई दिला कुणाला."

मग त्याला खाली बसवलं, बशीरसेठची बारी सांगितली, आणि पार्सल सुनंदापुढं ठेवलं. म्हटलं, आज सुनंदाची बारी, तिच्याकडं भाकरी न्हाई, तर तू पाणी पी. आणि लेकरू खरंच पाणी पिऊन उठलं.

काल पुन्हा बुधवार होता. दुपारी सागरचा फोन आला. त्यानं मीटिंगमध्ये सांगितलंय, बायांना सुट्टीचा पगार द्या, आणि कमी पडत असेल तर आधी माझी वाढ थांबवा. क्लासचे भागीदार बघू म्हणालेत. मग हळूच म्हणाला, आज शकुंतलाबाईची बारी होती, अंबाडीची भाजी लई तिखट होती.

बशीरसेठ जाऊन बरीच वर्षं झाली. त्या डब्याबद्दल मी त्याला कधी काही बोलले नाही... आज इथं बोलतेय.

पगाराचा कागद निघाला की वाचून दाखवतो, म्हणाला सागर. वाच बाबा. मला अक्षर येत नाही, पण उपासाचे वार पाठ आहेत.