फौजी काळा

काळा रंग म्हणजे काळा रंग, त्यात काय बघायचं, असं म्हणणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालत नाही. पूर्वी घालायचो. पाहुण्यांना शेडमध्ये नेऊन उजेडात पत्रे धरून दाखवायचो. पाहुणे यायचे कमी झाले, तेव्हा बायकोने तंबी दिली आणि मी तोंड आवरलं.

वीस वर्षं एका कारखान्याच्या पेंटशॉपमध्ये काढून मी मुळशीतल्या रिहे गावात स्वतःची शेड टाकली. जुने फिल्म कॅमेरे रंगवतो. कॅमेरा सुटा करायचा, पितळी पत्र्यावरचा जुना रंग उतरवायचा, खड्डे पुट्टीने भरायचे, मग रंगाचे सहा-सात पातळ हात, दर हाताला छोट्या भट्टीत भाजून. माझी बहुतेक गिऱ्हाइकं हिंजवडीकडची, आयटीतली. त्यांना नवा रंग हवा असतो, पण तो जुना दिसायला हवा असतो. कोपऱ्यांवर पितळ उघडं पाडून द्या म्हणतात. म्हणजे आधी जीव तोडून रंगवायचं आणि मग स्वतःच्याच हाताने घासायचं. मी तेही करतो. पण मनापासून आवडतो तो फौजी काळा. उन्हात धरला तरी न चकाकणारा, आणि तरी हाताला रेशमासारखा लागणारा. तो जमायला हवा कोरडी लागते. मुळशीच्या पावसात रंगावर दुधाळ साय धरते, म्हणून पावसाळ्यात मी रंगाला हात लावत नाही. हा माझा नियम. त्याचा मला फार अभिमान होता.

जूनच्या सुरुवातीला धरणाकडच्या गावातून एक आबा जुना कॅमेरा घेऊन आले, बरोबर बायको. फौजेत फोटोग्राफर होते. निवृत्त होताना तिथल्याच लिलावात हा कॅमेरा घेतला आणि पुढे तीस वर्षं आसपासच्या गावांतली लग्नं त्याच्यावर काढली. कॅमेरा ठणठणीत होता, फक्त रंग उडाला होता. वरच्या पत्र्याचं पितळ पार उघडं पडलं होतं.

"ही चमक डोळ्यात घुसती," आबा म्हणाले. "एक डोळा गेला हाय, दुसरा चाललाय. डाक्तर म्हणतुया, दिवाळीपतुर टिकला तर टिकला. समद्या गावाचं फोटू काढलं, हिचा एक बी धड न्हाई. दिसतंय तवर हिचा एक चांगला काढायचा हाय. तेवढं काळं लावून दे."

बायको दारातच उभी होती. "मला न्हाई काढायचा," ती म्हणाली.

हे सगळं मी ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणायची सोय नाही. पण माझ्या हातात तो कॅमेरा होता आणि मी पत्र्याचा काठ बघत होतो. वहीत मी लिहिलं: फौजी काळा, अक्षरं पांढरी. आबांना म्हणालो, "आता पाऊस लागेल. दसऱ्यानंतर देतो, पण असा देतो की बघत राहाल."

"लवकर न्हाई का व्हणार?"

लवकर प्रत्येकालाच हवं असतं. मी म्हणालो, "आबा, घाईचा रंग टिकत नाही."

"बरं," ते म्हणाले. फौजेत राहिलेली माणसं 'बरं' फार सहज म्हणतात.

पावसाळ्यात त्यांचा तीनदा फोन आला. तिन्ही वेळा मी हवेतल्या ओलाव्यावर व्याख्यान दिलं. तिन्ही वेळा ते 'बरं' म्हणाले. खरं तर त्यांना हवं होतं ते काम एका दुपारचं होतं. चमकणाऱ्या पत्र्यावर ब्रशने एक हात मारला असता तरी भागलं असतं. पण तसं काम माझ्या शेडमधून बाहेर पडणार म्हटल्यावर मला झोप लागली नसती.

ऑक्टोबरमध्ये ऊन पडलं आणि मी कामाला बसलो. भिंगाचं कडंसुद्धा सोडलं नाही. माझ्या हातून झालेला तो सगळ्यात चांगला काळा. आजही तसंच म्हणेन, लाज वाटत असली तरी.

आबा आले ते बायकोचा दंड धरून. जूनमध्ये ते पुढे चालत होते आणि ती मागे, हे मला तेव्हा आठवलं. मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बघितला नाही, चाचपला. अंगठा भिंगाच्या कड्यावरून एकदा फिरला, परत फिरला.

"हितली खाच कुटं गेली?"

मला ती आठवली. कड्यावर दोन खाचा होत्या, मी त्या ठोकर लागलेल्या समजून पुट्टीने बुजवल्या होत्या. त्या आबांनी स्वतः पाडलेल्या होत्या. मांडवात लाईट गेली की अंधारात अंतर लावायला. एक खाच तीन पावलांची, दुसरी दहा पावलांची. माणसाला हात लावायचा, तीन पावलं मागं यायचं, बोटाने खाच जुळवायची आणि फ्लॅश उडवायचा.

"कानस दे," ते म्हणाले.

मी म्हणालो, मी पाडून देतो. पण कुठे पाडायची ते मला ठाऊक नव्हतं. आबांनी कडं फिरवून शेवटच्या टोकाला नेलं, तिथून बोटाने मागे मोजत आले आणि माझ्या सात हातांच्या रंगावर कानस चालवली. मी बघत उभा राहिलो.

मग त्यांनी मलाच फिल्म भरायला सांगितली, उजेड किती ते विचारून बाकीचे आकडे लावायला सांगितले आणि बायकोला अंगणात उभं केलं. तिच्या खांद्याला हात लावून तीन पावलं मागे आले.

"बोलत ऱ्हा," ते म्हणाले. "म्हंजी कुटं हाईस ते कळंल."

"काय बोलू? या वयात ह्यो काय खुळेपणा? लोकं हसत्यात..."

आवाजाच्या दिशेने कॅमेरा धरून त्यांनी बटण दाबलं. ती बोलत राहिली: त्यांच्या गोळ्यांवर, न बांधलेल्या गोठ्यावर, मला उगीच दिलेल्या त्रासावर. शेवटच्या दोन-तीन फोटोंना ती हसायला लागली होती.

फिल्म मीच धुतली. दोन दिवसांनी मोठा प्रिंट घेऊन त्यांच्या घरी गेलो. फोटो स्वच्छ आला होता, डोळ्यांवर नेमका. तोंड अर्धं उघडं, बोलता बोलता हसू फुटलेलं, कपाळावर एक बट. इतका जिवंत फोटो मला उभ्या जन्मात काढता आला नसता.

ओटीवर बसून आबांनी तो हातात घेतला. डोळ्याशी नेला, तिरका केला, उजेडाकडे वळवला. परत डोळ्याशी नेला.

"बोलतीया नव्हं?"

"हो आबा. हसतायतही."

"पांढरं कायतरी दिसतंय," ते म्हणाले. "पदर आसंल."

आत भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला. मी घाईने म्हणालो की अजून मोठा प्रिंट काढून आणतो. त्यांनी मान हलवली आणि फोटो माझ्या हातात परत दिला, नीट काठाला धरून, बोटं न उमटवता. आवाजात राग नव्हता. किती वाजले ते सांगावं तसे म्हणाले, "आखाडात क्यामेरा दिला आसतास, तर मला बी दिसली आसती."

"हो," मी म्हणालो.