ईवायाच्या मटणाला आज न्हाई म्हणलो

मंडळी, आज निलंग्यात जिंकून आलोय.

लेकीच्या सासऱ्यांकडं, म्हंजी आमच्या ईवायांकडं जेवण होतं. मागल्या खेपेला त्यांच्या आग्रहापायी कलेजी अन् रस्सा लई हाणला. सकाळी पायाचा अंगठा लालबुंद, चादर लागली तरी बोंबलायचो. डॉक्टर म्हणला, गाऊट हाय, युरिक ॲसिड वाढलंय, कलेजी-मटण टाळा. दुखणं थांबलं तरी गोळी सोडायची न्हाई.

आज ईवाई पातेलं घेऊन आलेच. मी ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

"आमच्या घरचं ग्वाड लागंना का, पाव्हणं?"

"लागतंय की. पर अंगठा माझा हाय!"

सगळे हसले. ईवाई रुसून उठले, अन् लंगडत निघाले.

"पायाला काय झालं?"

"काय न्हाई, मुरगळलाय."

"दावा बरं."

बघतो तर अंगठा तस्साच लाल, वरून बिब्बा लावून कातडी जाळून घेतलेली!

नको नको म्हणत असताना रिक्षात घातलं अन् दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. गाऊटच निघाला. येताना ईवाई हळूच म्हणले, "पुढल्या खेपेला पिठलं करू."

तुमच्या घरात कोण लंगडत असून मुरगळलंय म्हणत बसलंय? बिब्बा हिसकून घ्या, अन् आधी रक्त तपासून घ्या.