झांजेसाठी तीन अ‍ॅम्प्लिफायर

गिरण्यांचा संप लांबत गेला तशी बाबांची भजनी मंडळी एकेक करून गावी गेली. झांज वाजवणारा, गिरणीच्या साचेखात्यात बाबांसोबत माग चालवणारा त्यांचा जिवलग जोडीदारही गेला. मागे राहिली भजनाची एक कॅसेट. ती लावली की बाबा वैतागत, "झांज खंय हा रे? टेप करणाऱ्यान झांज गाळल्यान!" जोडीदाराची त्यांच्यापाशी तेवढीच काय ती आठवण, आणि नेमका तोच तिच्यात नव्हता.

मला तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचं भलतंच वेड. म्हटलं, दोष स्पीकरचा. परळच्या आमच्या खोलीत मी क्रॉसओव्हर बांधायला घेतला. आवाजाचे खर्ज, मध्य आणि तार असे वाटे करायचे आणि प्रत्येक वाट्याला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर द्यायचा. आई म्हणाली, "खोलीत पाय ठेवायला जागा नाही, आणि हा आवाजाच्या वाटण्या करतोय!"

लॅमिंग्टन रोडवरून कॅपॅसिटर आणून तार वाट्याचा फिल्टर मी पुन्हा पुन्हा बदलला. शेवटी झांज अशी कडकडीत वाजली की शेजारच्या काकू कानांवर हात ठेवून दारात आल्या. बाबा मात्र हिरमुसलेलेच. "नाय रे. नाय येत."

मी चिडलो. त्यांच्याकडे पाठ करून वायरी सोडवता सोडवता विचारलं, "चहा घेणार?" उत्तर नाही. वळून पुन्हा विचारलं, तर लगेच म्हणाले, "घेणार तर!"

माझा हात तसाच थांबला. मागांच्या खडखडाटात साचेवाले एकमेकांचे ओठ बघूनच बोलत. त्या खडखडाटाने बाबांचे कान अधू झाले होते; घरीसुद्धा ते आमची तोंडं वाचत होते, आणि आम्हाला पत्ताच नव्हता. कॅसेटला कुठलं आलंय तोंड? मला फार वाईट वाटलं. पण हातपाय गाळून बसणं माझ्या स्वभावात नाही.

मग फिल्टर पुस्तकाबरहुकूम न बांधता बाबांच्या कानांच्या मापाने बांधला. झांजेची वरची किणकिण त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. तिचा खालचा, जाडा नाद पोचू शकत होता. तेवढी पट्टी वेगळी काढली आणि मधला अ‍ॅम्प्लिफायर तिच्यामागे पुरा लावला. बाकीच्यांना ते मोरीत ताटल्या आपटल्यासारखं वाटे. काकू म्हणाल्या, "याच्यापेक्षा आधीचं बरं होतं रे!"

बाबांनी मान तिरकी केली. मांडीवर ठेका धरला. मग मध्येच हात थांबवून कॅसेटवर खेकसले, "हळू रे मेल्या! कितीदा सांगलंय तुका, झांज पळवू नको!"