अंजनीकाकूंचं ‘पण’

जबलपुरातल्या आमच्या मराठी घरांमधली निम्मी लग्नं अंजनीकाकूंनी जुळवली, पण स्थळाबद्दल बोलताना वाक्य म्हणून कधी पुरं केलं नाही. “मुलगा कामाचा आहे, पण...” एवढं बोलून त्या थांबत. पुढचं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. ‘पण’नंतर सुपारी उचलली तर दोष किरकोळ. पदर सावरला तर विचार करा. चपला शोधू लागल्या तर ते स्थळ सोडाच. आम्हा सगळ्यांना हे पाठ होतं.

मी तेव्हा कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते. तिथं पूर्ण वाक्यात उत्तर दिल्याशिवाय सिस्टर खाली बसू देत नसत. त्या सवयीनं मी एकदा विचारलं, “काकू, तुम्ही बोलणं अर्धंच काहून सोडता?”

“खोटं मला बोलायचं नाही, बेबी. आणि कोणाच्या लेकराचं वाईटही बोलायचं नाही. मग उरलं काय, तूच सांग.”

मी सांगू लागले, तर म्हणाल्या, “तुमच्या शाळेत गप्प बसायला नाही शिकवत काय?”

छत्तीस सालच्या माघात त्यांनी माझ्या मोठ्या बहिणीसाठी, विनतासाठी, नागपूरचं स्थळ आणलं. मुलगा चिंतामणी, शाळेत मास्तर. विनतानं त्याला एका लग्नात पाहिलं होतं आणि हे स्थळ तिला मनापासून हवं होतं. अडचण एकच. तिला हसू आवरत नसे. एकदा सुटली की डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. आधीची दोन स्थळं त्यानंच गेली होती. एकदा तर पाहायला आलेल्या मुलाच्या मामांची टोपी वरणात पडली, आणि मग काही विचारूच नका.

बाबांनी काकूंना बजावलं, “या खेपेला तुमचं ते ‘पण’ घरी ठेवून या.”

“बघते,” काकू म्हणाल्या.

मुलाची आई भानुमतीबाई आणि चिंतामणी छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीनं आले. चहा झाला.

“मुलगी गुणाची आहे,” काकूंनी सुरुवात केली. “स्वयंपाक येतो, शिवण येतं, पण...” आणि सुपारी उचलली.

आमचा जीव भांड्यात पडला. किरकोळ! पण नागपूरच्या बाईंना सुपारीचा अर्थ कोण सांगणार? त्यांनी कप खाली ठेवला.

“पण काय जी? डोळ्यात दोष आहे?”

“नाही बाई.”

“मग पायात?”

“नाही.”

“ऐकू कमी येते?”

काकू मान हलवत सुपारी कातरत राहिल्या. बाबा छताकडे पाहत होते.

“मग फिट येते काय? आत्ताच सांगा, म्हणजे आम्ही संध्याकाळच्या गाडीनं निघतो.”

दाराआड विनता माझ्याशेजारी खव्याच्या जिलब्यांचं ताट घेऊन उभी होती. तिचे खांदे हलू लागले. मी चिमटा काढला, त्यानं उलटंच झालं. ताट कललं, दोन जिलब्या बैठकीत जाऊन पडल्या, आणि मागोमाग ती, हसून हसून लाल झालेली.



“ही काहून हसून राहिली?” भानुमतीबाईंनी विचारलं.

“तेच ते,” काकू म्हणाल्या. “सुरू झाली की थांबत नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“अन् मी पोरीला आंधळी, लंगडी, बहिरी करून बसले!” असं म्हणून त्याही हसू लागल्या. तोवर चिंतामणीनं वाकून जिलब्या उचलल्या होत्या. त्यातली एक त्यानं फुंकून खाल्ली.

निघताना भानुमतीबाई काकूंना म्हणाल्या, “आमचा चिंतामणीही मोठा सरळ आहे, पण...” आणि तबकातली सुपारी उचलली.

काकूंचा चेहरा उजळला. बाबा तोंड उघडणार, तोच काकूंनी दटावलं, “विचारू नका. किरकोळ आहे.”

ते किरकोळ विनताला लग्नानंतरच्या पहिल्याच पहाटे कळलं. चिंतामणीराव उठल्याबरोबर अभंग म्हणत, मोठ्यानं आणि अगदी बेसूर. ती पांघरुणात तोंड खुपसून हसत सुटली. बायकोला आवडलं असं वाटून त्यांनी आणखी एक म्हटला.